जागल्याचा हक्क : शासकीय निधीतील गैरव्यवहाराची माहिती देणाऱ्यास संरक्षण व पारितोषिक (विदर्भातील सिंचन प्रकल्पांच्या संदर्भात)

प्रस्तावना

गावगाड्यात रात्रीची राखण करणाऱ्यास जागल्या म्हणत. गाव निजलेले असताना जागे राहणे, चोरी होताना दिसली तर हाक देणे, हे त्याचे काम. या कामाबद्दल त्यास गावाकडून धान्याच्या रूपाने हक्क मिळत असे. शासनाची फसवणूक उघडकीस आणणाऱ्या व्यक्तीसाठी मराठी वृत्तपत्रांनी अलीकडच्या काळात हाच शब्द रूढ केला आहे आणि तो समर्पक आहे. मात्र शब्द घेताना त्यातील एक अर्थ मागे राहिला. जुन्या जागल्याचे जागरण हे गावाने मान्य केलेले व मोबदला दिलेले कर्तव्य होते. आजच्या जागल्याचे जागरण हे बहुतेक वेळा त्याचे वैयक्तिक साहस ठरते आणि त्याची किंमतही त्याला एकट्यालाच मोजावी लागते.

प्रस्तुत लेखात शासकीय खर्चातील गैरव्यवहाराची माहिती देणाऱ्यास भारतीय कायद्याने कोणते संरक्षण दिले आहे, पारितोषिकाची तरतूद कोठे आहे व कोठे नाही, याचा विचार करावयाचा आहे. त्यासाठी विदर्भातील सिंचन प्रकल्पांचे उदाहरण घेतले आहे. वर्धा जिल्ह्याचा या विषयाशी संबंध केवळ भौगोलिक नाही. आर्वी तालुक्यात धनोडी येथे वर्धा नदीवर उभारलेला निम्न वर्धा प्रकल्प विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाच्या अखत्यारीत येतो. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, त्यांत वर्ध्याचा समावेश होता आणि त्या पॅकेजचा मोठा भाग सिंचनासाठी राखलेला होता. कालव्याला पाणी आले नाही तर त्याचा अर्थ काय होतो, हे कोरडवाहू कापूस पिकवणाऱ्या या जिल्ह्यास वेगळे सांगावे लागत नाही.

पुरावा कोठे असतो?

शासकीय बांधकामातील फसवणूक बाहेरून का दिसत नाही, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. कालव्याचे खोदकाम झाले की त्याची मोजमापे शाखा अभियंता मोजमाप पुस्तिकेत नोंदवितो. उपअभियंता त्यांची पडताळणी करतो, कार्यकारी अभियंता देयक मंजूर करतो. मऊ मुरूम, कठीण मुरूम आणि कठीण खडक यांच्या खोदाईचे दर वेगवेगळे असतात; खडकाचा दर अर्थातच अधिक. आता मुरूम खोदून पुस्तिकेत खडक लिहिला, तर फरक कंत्राटदाराच्या खिशात जातो. कालव्यास अस्तर लागल्यानंतर त्या जागी काय होते हे कोणास सांगता येणार?

वर्धा खोऱ्यातील काळ्या मातीत आणखी एक अडचण आहे. ही माती पाण्याने फुगते व उन्हाने आक्रसते. म्हणून अस्तराच्या खाली न फुगणाऱ्या मुरमाचा ठराविक जाडीचा थर द्यावा लागतो. हा मुरूम कित्येकदा दुरून आणावा लागतो आणि वाहतुकीच्या अंतरानुसार त्याचा दर वाढतो. थर पातळ दिला, किंवा जवळचा मुरूम दूरचा म्हणून दाखविला, तर कागदोपत्री काम पूर्ण असते. दोन-तीन पावसाळ्यांनंतर अस्तर उखडते तेव्हा दोष मातीला दिला जातो. लेखापरीक्षक कागद पाहतो आणि कागद निर्दोष असतो. खरी गोष्ट माहीत असते ती जागेवर उभ्या असलेल्या चार-पाच माणसांना, आणि त्यांपैकी एकाची सही त्या पुस्तिकेत असते.

या शेवटच्या बाबीकडे आपल्याकडील चर्चेत पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. ज्याच्याजवळ पुरावा आहे तो बहुधा व्यवहारात थोडाफार गुंतलेला असतो. कधी दबावाने, कधी वरिष्ठांच्या तोंडी आदेशाने. त्याने तोंड उघडले की पहिला आरोपी तोच. फौजदारी प्रक्रियेत माफीच्या साक्षीदाराची सोय आहे, परंतु ती गुन्हा दाखल होऊन प्रकरण न्यायालयाच्या मार्गाला लागल्यानंतरची. तक्रार करावी की न करावी या विवंचनेत रात्र काढणाऱ्या अभियंत्यास तिचा आधार वाटत नाही.

विजय पांढरे यांचे पत्र

२०१२ साली महाराष्ट्रात गाजलेले सिंचन प्रकरण या दृष्टीने अभ्यसनीय आहे. नाशिक येथील महाराष्ट्र अभियांत्रिकी प्रशिक्षण प्रबोधिनीचे मुख्य अभियंता विजय पांढरे हे राज्यस्तरीय तांत्रिक सल्लागार समितीचे सदस्य होते. प्रकल्पांच्या वाढीव खर्चाचे प्रस्ताव या समितीपुढे येत. त्या अनुभवाच्या आधारे त्यांनी राज्यपाल व मुख्यमंत्री यांना सविस्तर पत्रे लिहून खर्चातील अवाजवी वाढ, कामाचा निकृष्ट दर्जा आणि उपसा सिंचन योजनांचे अपयश यांकडे लक्ष वेधले. त्याच वर्षी राज्याच्या आर्थिक पाहणीतील आकडेवारीवरून, दशकभरात सुमारे ७० हजार कोटी रुपये खर्चूनही सिंचित क्षेत्र केवळ ०.१ टक्क्याने वाढले, हा मुद्दा ऐरणीवर आला होता. विदर्भ महामंडळाच्या ३८ प्रकल्पांची किंमत २००९ साली अवघ्या काही महिन्यांत सुमारे ६,६७२ कोटींवरून २६,७२२ कोटी रुपयांवर नेण्यात आल्याचेही समोर आले. पत्रांतील मजकूर सप्टेंबर २०१२ मध्ये सार्वजनिक झाला. २५ सप्टेंबर रोजी तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी राजीनामा दिला. डिसेंबरमध्ये ते पुन्हा पदावर आले.

पुढील घटनाक्रम सर्वपरिचित आहे. शासनाने श्वेतपत्रिका काढली, डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील विशेष तपास पथकाने २०१४ मध्ये अहवाल दिला, ‘जनमंच’ या नागपूरच्या संघटनेने उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिका चालविली, डिसेंबर २०१४ मध्ये लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या उघड चौकशीस मान्यता मिळाली आणि पुढे अनेक गुन्हे नोंदले गेले. डिसेंबर २०१९ मध्ये या विभागाने न्यायालयात सादर केलेल्या प्रतिज्ञापत्रात अजित पवार यांच्यावर फौजदारी दायित्व येत नसल्याचे म्हटले. कोण दोषी व कोण निर्दोष हा न्यायालयाचा विषय असून या लेखाचा नव्हे. येथे प्रश्न वेगळा आहे : मुख्य अभियंता पदावरील अधिकाऱ्याने ही पत्रे लिहिली तेव्हा त्याच्या पाठीशी कोणता कायदा उभा होता?

उत्तर असे की, एकही नाही. केंद्र शासनाने २१ एप्रिल २००४ रोजी केलेला ठराव केंद्रीय दक्षता आयोगास अशा तक्रारी स्वीकारण्याचा आणि तक्रारदाराचे नाव गुप्त राखण्याचा अधिकार देतो. परंतु त्याची कक्षा केंद्र शासनाचे कर्मचारी, केंद्रीय महामंडळे व तत्सम संस्था एवढीच आहे. राज्याच्या पाटबंधारे महामंडळातील व्यवहार तीत बसत नाहीत. उलट महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ हे शासकीय माहिती अनधिकृतपणे उघड करण्यास मनाई करतात. पांढरे यांनी पत्रे राज्याच्या प्रमुखांनाच लिहिली, वृत्तपत्रांना नव्हे. त्यांचे पद मोठे होते, सेवेचा बराच काळ मागे पडला होता आणि प्रकरण लगेच राजकीय पटलावर आले. हेच पत्र आर्वी किंवा हिंगणघाट उपविभागातील तिशीतल्या शाखा अभियंत्याने लिहिले असते तर त्याची बातमी झाली असती की बदली, याचा अंदाज वाचकाने करावा.

संरक्षणाचा अपुरा इतिहास

२००४ चा ठरावही सहजासहजी झालेला नाही. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातील अभियंता सत्येंद्र दुबे यांनी सुवर्ण चतुष्कोन प्रकल्पातील गैरव्यवहाराविषयी नोव्हेंबर २००२ मध्ये पंतप्रधानांना पत्र लिहिले. आपले नाव गुप्त ठेवावे अशी विनंती त्यांनी केली होती. तरीही नावासह ते पत्र एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे त्यांची हत्या झाली. विधी आयोगाने आपल्या १७९ व्या अहवालात डिसेंबर २००१ मध्येच माहिती देणाऱ्याच्या संरक्षणाचा मसुदा दिला होता. तो दोन वर्षे पडून राहिला, आणि दुबे यांच्या हत्येनंतर सर्वोच्च न्यायालयाने विचारणा केल्यावर ठराव निघाला.

महाराष्ट्रातील नोंद याहून सुखद नाही. तळेगाव दाभाडे येथील माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांचा १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी खून झाला. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला, एकदा बंद झाला, पुन्हा उघडला आणि २०१८ मध्ये पुन्हा बंद झाला. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ तेल भेसळ करणाऱ्यांनी जाळून मारले. ज्याच्या हाती कायद्याचा अधिकार होता तोही सुरक्षित नव्हता. अब्रुनुकसानीचा मार्ग आणखी सोपा. मंत्र्यावर भ्रष्टाचाराचा आरोप केल्याबद्दल १९९८ साली अण्णा हजारे यांना तीन महिन्यांची शिक्षा होऊन येरवड्यास जावे लागले होते.

व्हिसल ब्लोअर्स संरक्षण कायदा, २०१४ हा या सर्व अनुभवांतून आला. २०११ च्या डिसेंबरात लोकसभेने आणि २०१४ च्या फेब्रुवारीत राज्यसभेने तो संमत केला. ९ मे २०१४ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्यातील काही तरतुदी खरोखर उपयुक्त आहेत. राज्याचे कर्मचारीही त्याच्या कक्षेत येतात आणि राज्य दक्षता आयोग किंवा राज्याने अधिसूचित केलेला प्राधिकारी तक्रार स्वीकारू शकतो. तक्रारदारास त्रास दिल्याचा आरोप झाल्यास, ती कारवाई सूडबुद्धीची नव्हती हे सिद्ध करण्याची जबाबदारी संबंधित कार्यालयावर टाकली आहे. सेवाविषयक कज्जे लढविलेल्या कोणासही या एका वाक्याचे मोल कळेल. बदलीच्या आदेशात कारण नेहमी ‘प्रशासकीय’ असते, आणि ते तसे नव्हते हे मुंबईच्या किंवा नागपूरच्या प्रशासकीय न्यायाधिकरणापुढे कर्मचाऱ्याने सिद्ध करावयाचे असते. नाव उघड करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व ५० हजार रुपयांपर्यंत दंड, तर जाणूनबुजून खोटी तक्रार करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व ३० हजारांपर्यंत दंड सांगितला आहे. निनावी तक्रार मात्र स्वीकारली जात नाही. ‘छळ’ म्हणजे नेमके काय याची व्याख्याही कायद्यात नाही; गोपनीय अहवालातील प्रतवारी घसरणे, महत्त्वाचे काम काढून घेणे, निवृत्तिवेतनाचे कागद अडकणे या गोष्टी व्याख्येअभावी हवेत राहतात.

परंतु या चर्चेचा आज व्यावहारिक उपयोग नाही, कारण हा कायदा अमलात आणण्याची अधिसूचनाच निघालेली नाही. २०१५ साली एक दुरुस्ती विधेयक लोकसभेने संमत केले. माहिती अधिकार कायद्यातील अपवादांच्या धर्तीवर दहा प्रकारची माहिती तक्रारीतून वगळण्याचा त्यात प्रस्ताव होता. राज्यसभेत ते अडले आणि २०१९ मध्ये लोकसभेच्या मुदतीबरोबर व्यपगत झाले. मूळ कायदा पुस्तकात आहे, व्यवहारात नाही.

दरम्यान माहिती देणाऱ्याने कशाचा आधार घ्यावा? लोकायुक्तांकडे १९७१ च्या राज्य अधिनियमानुसार प्रतिज्ञापत्रासह तक्रार करता येते. अशी संस्था प्रत्यक्ष स्थापणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य, याचा उल्लेख अभिमानाने होतो, पण लोकायुक्तांच्या शिफारशी शासनावर बंधनकारक नव्हत्या याचा उल्लेख कमी होतो. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातील २०१८ च्या दुरुस्तीनंतर, सक्तीने लाच द्यावी लागलेल्या व्यक्तीने सात दिवसांत तपास यंत्रणेस कळविल्यास तिला गुन्हेगार मानले जात नाही. साक्षीदारांसाठी महाराष्ट्राने २०१७ साली स्वतंत्र अधिनियम केला आणि सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१८ रोजी महेंद्र चावला प्रकरणात देशव्यापी साक्षीदार संरक्षण योजनेस मान्यता दिली. ही सर्व साधने खटला उभा राहिल्यावरची आहेत. खटल्यापूर्वीचा काळ, ज्यात दुबे व शेट्टी मारले गेले, तो रिकामाच आहे.

एक साधा उपाय या संदर्भात नोंदविण्यासारखा आहे. माहिती मागणाऱ्यावर हल्ला झाल्यास त्याने मागितलेली माहिती तत्काळ सार्वजनिक करावी, असा ठराव केंद्रीय माहिती आयोगाने २०११ साली केला. माणूस मारून माहिती दडपता येत नसेल तर मारण्याचे कारणच उरत नाही, हा त्यामागील विचार. कायद्याच्या कलमांपेक्षा तो अधिक शहाणपणाचा वाटतो.

पारितोषिक : महसुलास आहे, खर्चास नाही

पारितोषिकाची कल्पना परकीय आहे, असा समज असल्यास तो दुरुस्त केला पाहिजे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात शासकीय धनाच्या अपहाराचे चाळीस प्रकार सांगितले आहेत आणि त्याच अध्यायात अपहाराची खबर देणाऱ्या ‘सूचका’विषयी नियम दिले आहेत. आरोप सिद्ध झाल्यास सूचकास रकमेचा सहावा हिस्सा, तो पगारी सेवक असल्यास बारावा हिस्सा. अंशतः सिद्ध झाल्यास सिद्ध झालेल्या भागापुरता. सिद्ध न झाल्यास शिक्षा. आणि आरोपीच्या सांगण्यावरून माघार घेतली तर मृत्युदंड. सेवकास निम्मा हिस्सा का, याचे कारण उघड आहे : माहिती देणे त्याच्या कर्तव्यातच येते. तरीही कौटिल्याने त्यास रिकाम्या हाताने पाठविले नाही.

अमेरिकेने १८६३ साली, यादवी युद्धात सैन्यास निकृष्ट माल पुरविणाऱ्या पुरवठादारांना आळा घालण्यासाठी, खोट्या देयकांविरुद्धचा कायदा केला. या कायद्यानुसार खाजगी व्यक्ती शासनाच्या वतीने दिवाणी दावा दाखल करू शकते. दावा प्रथम मोहोरबंद राहतो, म्हणजे प्रतिवादीस सुगावा लागत नाही आणि शासनास तपासास अवधी मिळतो. फसवणूक सिद्ध झाल्यास नुकसानीच्या तिप्पट रक्कम वसूल होते. १९८६ च्या दुरुस्तीपासून शासन दाव्यात सामील झाल्यास दावेदारास १५ ते २५ टक्के, न झाल्यास २५ ते ३० टक्के वाटा मिळतो, आणि नोकरीवरून काढल्यास पुनर्स्थापना व दुप्पट थकीत वेतन. सप्टेंबर २०२४ अखेरच्या वर्षात या कायद्याखाली २.९ अब्ज डॉलरहून अधिक वसुली झाली. रॅनबॅक्सी या भारतीय औषध कंपनीने २०१३ साली अमेरिकेत ५० कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले, तेव्हा कंपनीचे माजी अधिकारी दिनेश ठाकूर यांना सुमारे ४.८६ कोटी डॉलर मिळाले. या व्यवस्थेस तेथेही आव्हान आहे. २०२४ साली फ्लोरिडातील एका संघीय न्यायाधीशाने ती घटनाबाह्य ठरविली आणि प्रकरण अपिलात गेले.

भारतात पारितोषिक नाही असे म्हणणे चूक ठरेल. सीमाशुल्क चुकविल्याची खबर देणाऱ्यास वसुलीच्या २० टक्क्यांपर्यंत रक्कम देण्याची प्रथा जुनी आहे. आयकर विभागाने २०१८ मध्ये जाहीर केलेल्या योजनेत ही मर्यादा ५० लाख रुपये, विदेशी काळ्या पैशासाठी ५ कोटी आणि बेनामी मालमत्तेसाठी १ कोटी ठेवण्यात आली. सेबीने अंतर्गत माहितीच्या आधारे होणाऱ्या समभाग व्यवहारांची खबर देणाऱ्यासाठीची कमाल रक्कम २०२१ मध्ये १० कोटींवर नेली. अर्थात ही बक्षिसे कृपेची आहेत, हक्काची नव्हेत. सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली सी. कृष्णा रेड्डी प्रकरणात हे स्पष्ट केले आहे.

आता या यादीतील समान सूत्र पाहावे. शासनाकडे येणारा पैसा चुकविणाऱ्याची खबर दिली तर बक्षीस आहे. शासनाकडून जाणारा पैसा लुबाडणाऱ्याची खबर दिली तर नाही. वर्ध्याच्या सराफाने कर बुडविला हे कळविणारा पैशास पात्र. धनोडीच्या कालव्यावर मुरमाचा खडक झाला हे कळविणारा केवळ अडचणीस पात्र. दोन्हींत लुटली जाते ती एकच तिजोरी.

हा भेद कोणी हेतुपुरस्सर केला असेल असे नाही. त्याचे कारण वसुलीच्या यंत्रणेत आहे. कर चुकविला की विभाग स्वतः आकारणी करतो, दंड लावतो, मालमत्ता जप्त करतो. हाती रक्कम येते आणि तिचा हिस्सा देता येतो. खोट्या देयकाच्या बाबतीत मात्र प्रकरण फौजदारी गुन्हा किंवा विभागीय चौकशी या दोनच वाटांनी जाते. दोन्हींचे लक्ष्य व्यक्तीस शिक्षा हे असते. वर्षानुवर्षे चालून शिक्षा झाली तरी निधी परत येतोच असे नाही, आणि परत न आलेल्या रकमेचा सहावा हिस्सा म्हणजे शून्य. पारितोषिकाची मागणी करणाऱ्यांनी म्हणून आधी दिवाणी वसुलीच्या कायद्याची मागणी केली पाहिजे. कंत्राटदाराकडून नुकसानीच्या पटीत वसुली करणारा, सिद्धतेचा फौजदारी निकष न लावणारा कायदा झाल्याशिवाय पारितोषिकास पायाच नाही.

पारितोषिकामुळे खोट्या तक्रारींचे पीक येईल, ही भीती निराधार नाही. माहिती अधिकाराचा अर्ज करून नंतर तो मागे घेण्याचा धंदा तालुक्याच्या गावी कोणास ठाऊक नाही? परंतु तो धंदा चालतो तो आरोपीकडून पैसे मिळतात म्हणून. माघारीसाठी सर्वांत कठोर शिक्षा सांगणाऱ्या कौटिल्यास हे नेमके उमगले होते. खऱ्या माहितीस शासनाकडून उघडपणे रास्त मोबदला मिळू लागला, तर ती गुपचूप विकण्याचा मोह कमी होईल, वाढणार नाही.

जागेवरचा अभियंता जेव्हा मन घट्ट करून पत्र लिहावयास बसेल, तेव्हा त्याने आणखी एक कलम वाचावे. २०१४ च्या कायद्यानुसार, घटना घडून सात वर्षे उलटल्यानंतर केलेल्या तक्रारीची चौकशी करता येत नाही. विदर्भ महामंडळातील ३८ प्रकल्पांच्या वाढीव मान्यता २००९ सालच्या आहेत. अमलात न आलेल्या या कायद्याखालील त्यांची मुदत २०१६ मध्येच संपली.